तुटलेली प्रवाळभिंत पुन्हा कशी उभी करतात? कोरल रिस्टोरेशनचं तंत्र, सोप्या भाषेत

जळगावच्या सराफ बाजारात लाल पोवळं सहज मिळतं. मंगळासाठी अंगठीत घालायला सांगतात ते. आपल्यापैकी बहुतेकांची प्रवाळाशी ओळख एवढीच. समुद्र आपल्यापासून कितीतरी तास लांब, त्यामुळे 'कोरल रीफ' म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो मोबाइलचा वॉलपेपर: निळं पाणी, रंगीत मासे आणि खाली झाडासारखं काहीतरी.

पहिला गोंधळ इथेच मिटवू. अंगठीतलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या जातीच्या प्रवाळाचं असतं आणि ती जात भिंती बांधत नाही. समुद्रात मैलोन् मैल पसरलेल्या प्रवाळभिंती बांधणारे प्रवाळ निराळे, आणि हा लेख त्यांच्याबद्दल आहे. ते मरतायत, आणि जगभरात लोक ते पुन्हा लावायचा प्रयत्न करतायत. अगदी शेतात रोपं लावतात तसे. आपल्या महाराष्ट्रातही हे झालंय, मालवणला आणि मुंबईतसुद्धा.

मला या विषयात शिरावंसं वाटलं ते मालवणच्या ट्रिपनंतर. धुळ्याहून आम्ही आठ जण गाडी करून गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग केलं. पाण्यात उतरल्यावर आमच्यासोबतचा माणूस म्हणाला, "इथे उभे राहा, फोटो काढतो." पायाखाली कडक, खरखरीत काहीतरी होतं. मी आरामात उभा राहिलो, अंगठा वर करून फोटो काढून घेतला. तो फोटो अजून फोनमध्ये आहे. घरी आल्यावर झूम करून पाहिलं तेव्हा कळलं की मी ज्यावर उभा होतो तो दगड नव्हता.

दगड नाही, झाडही नाही

प्रवाळ हा प्राणी आहे. एक प्रवाळजीव, म्हणजे पॉलिप, बहुतेक जातींत काही मिलिमीटरचाच असतो. मऊ पिशवीसारखं शरीर, वरती तोंड, तोंडाभोवती बारीक हात. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात, आणि प्रत्येक जण आपल्या बुडाखाली चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं, घर बांधतो. जुने मरतात, त्यांच्या घरांवर नवे बांधतात. शेकडो-हजारो वर्षं हे चाललं की भिंत तयार होते.

आता यातली खरी गंमत. या प्राण्याच्या पेशींच्या आत एक सूक्ष्म शेवाळ राहतं. शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. बदल्यात प्रवाळ त्याला राहायला जागा आणि खत देतो. प्रवाळाचा रंगसुद्धा बराचसा या भाडेकरूचाच. घरमालक स्वतः जवळजवळ पारदर्शक असतो.

पाणी जास्त तापलं की हा करार मोडतो. शेवाळ विषारी रसायनं सोडायला लागतं, प्रवाळ त्याला बाहेर काढून टाकतो, आणि आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. ब्लीच झालेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, तो उपाशी असतो. पाणी लवकर थंड झालं तर शेवाळ परत येतं. नाही झालं तर काही आठवड्यांत सगळं संपतं.

"जास्त तापलं" म्हणजे किती? आपण मे महिन्यात भुसावळला ४५ अंश सहन करणारी माणसं, त्यामुळे उत्तर ऐकून हसू येईल. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल सरासरीपेक्षा फक्त १ अंश जास्त, तेही महिनाभर राहिलं तर पुरे. पण याची तुलना बाहेरच्या हवेशी नाही, तापाशी करा. अंगात १ अंश ताप महिनाभर राहिला तर आपण कुठे असू? शास्त्रज्ञ हा ताप 'डिग्री हीटिंग वीक्स' या एककात मोजतात, म्हणजे किती अंश जास्त आणि किती आठवडे याचा हिशोब. ४ च्या पुढे आकडा गेला की ब्लीचिंग दिसायला लागतं, ८ च्या पुढे प्रवाळ मरायला लागतात. हे मोजायला कुणी पाण्यात थर्मामीटर घेऊन बसत नाही. अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहांवरून मोजते, आणि भारतासाठी हैदराबादचं इन्कॉइस २०११ पासून ब्लीचिंगचा इशारा देतं.

आजवर जगभर एकाच वेळी झालेलं ब्लीचिंग चार वेळा नोंदवलं गेलंय. पहिलं १९९८ मध्ये, दुसरं २०१० मध्ये, तिसरं २०१४ ते २०१७, आणि चौथं २०२३ मध्ये सुरू झालेलं, ज्याची घोषणा नोआने एप्रिल २०२४ मध्ये केली. या चौथ्या फेरीत जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रवाळक्षेत्राला ब्लीचिंग होईल इतकी उष्णता लागली. लक्षद्वीपमध्ये नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या शास्त्रज्ञांनी १९९८ पासून २४ वर्षं नोंदी ठेवल्या. त्यात जिवंत प्रवाळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं.

प्रवाळभिंती समुद्रतळाचा १ टक्कासुद्धा व्यापत नाहीत, पण समुद्रातल्या जवळपास पाव जातींचा आयुष्यात कधी ना कधी त्यांच्याशी संबंध येतो. मासे तिथे लपतात, अंडी घालतात, वाढतात. शिवाय लाटांचा जोर भिंतीवर फुटतो, किनारा वाचतो. तमिळनाडूतलं वान बेट हे याचं आपल्या देशातलं उदाहरण. आजूबाजूचे प्रवाळ चुन्यासाठी वर्षानुवर्षं खणून नेले गेले, आणि १९६९ मध्ये १६ हेक्टर असलेलं बेट २०१५ पर्यंत सुमारे २ हेक्टरवर आलं. शेवटी बेटासमोर काँक्रीटचे हजारो सच्छिद्र ठोकळे टाकून कृत्रिम भिंत उभी करावी लागली.

केळीचं बेणं आणि प्रवाळाचं बेणं

आता मुख्य प्रश्न. प्रवाळ लावतात कसा?

हे समजायला रावेर-यावलच्या माणसाला दोन मिनिटंही लागणार नाहीत. केळी आपण बियांपासून लावतो का? नाही. कंद लावतो, मुनवे लावतो, नाहीतर टिशू कल्चरची रोपं आणतो. म्हणजे एका झाडाचाच तुकडा, नवीन जागी. प्रवाळाचंही तसंच आहे. फांदीसारख्या वाढणाऱ्या प्रवाळाचा तुकडा मोडून दुसरीकडे घट्ट बसवला तर तो तिथे नवीन वसाहत तयार करतो. निसर्गात वादळानंतर हे आपोआप होतं.

यावरून निघालेल्या पद्धतीला कोरल गार्डनिंग म्हणतात. आधी समुद्रातच रोपवाटिका करायची. दोऱ्यांवर, जाळ्यांवर किंवा पाण्यात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या 'झाडांवर' तुकडे टांगायचे. तिथे गाळ कमी, शत्रू कमी. काही महिन्यांनी तुकडे पुरेसे वाढले की खऱ्या भिंतीवर नेऊन सिमेंटने, इपॉक्सीने किंवा केबल टायने बसवायचे. हो, तीच केबल टाय, आपण ठिबकच्या नळ्या बांधायला वापरतो ती.

भारतात हे सगळ्यात जास्त काळ करतायत ते तुतिकोरीनच्या सुगंथी देवदासन मरीन रिसर्च इन्स्टिट्यूटचे लोक. मन्नारच्या आखातात त्यांनी २००२ पासून काम सुरू केलं. सिमेंटच्या छोट्या लाद्यांवर प्रवाळाचे तुकडे बांधायचे आणि त्या लाद्या समुद्रतळाशी काँक्रीटच्या चौकटींवर ठेवायच्या. दिसायला काही खास नाही, बांधकामावरचं उरलेलं सामान वाटावं. पण स्वस्त आहे आणि गावातल्या सिमेंटवाल्याला बनवता येतं. मला वाटतं, आपल्या देशात हीच पद्धत टिकली याचं कारण हेच.

मालवणला हेच तंत्र आलं. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्रफळ साधारण २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा भाग त्यात येतो. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने राज्य सरकारचा सिंधुदुर्ग प्रकल्प चालला. त्यात तुतिकोरीनच्या याच संस्थेने मालवणच्या पाण्यात प्रवाळाचं प्रत्यारोपण केलं. मालवणचा प्रवाळ म्हणजे लक्षद्वीपसारखी सलग भिंत नव्हे, खडकांवर इथे-तिथे वाढलेले ठिगळ म्हणा. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, पाणी गढूळ होतं, त्यामुळे इथे दणकट जातीच टिकतात. त्यात होड्यांचे नांगर आणि माझ्यासारखे उभे राहणारे पर्यटक.

विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर समुद्रात अजून एक जागा आहे: आंग्रिया बँक. पाण्याखाली बुडालेलं पठार, सुमारे ४० किलोमीटर लांब, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. माथा पाण्याखाली साधारण २० मीटरवर. तिथला प्रवाळ चांगल्या स्थितीत आहे, आणि त्याला कुणी हात लावलेला नाही हेच त्याचं कारण असावं.

मुंबईत प्रवाळाची बदली

मुंबईच्या कोस्टल रोडचं काम चालू असताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या वसाहती सापडल्या. मुंबईत, त्या पाण्यात! एकूण १८ वसाहती, सगळ्या मिळून अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी. म्हणजे आपल्या घरातल्या पाटाएवढी जागा.

पण कायद्यासमोर आकार चालत नाही. चुन्याचा सांगाडा बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. त्यामुळे वनखात्याची परवानगी घ्यावी लागली, आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली नोव्हेंबर २०२० मध्ये या वसाहती उचलून कुलाब्याच्या नेव्हीनगरला आणि वरळीतच बाजूच्या जागी हलवल्या.

यावर दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. एक बाजू म्हणते, निदान हलवले तरी. दुसरी म्हणते, हलवता येतं म्हटलं की उद्या कुठेही रस्ता काढायला मोकळीक. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. खडकाला चिकटलेली वसाहत हलते, पण त्या खडकाच्या फटींत राहणारे खेकडे, शिंपले, स्पंज हलत नाहीत. तरीही एक मान्य करायला हवं: या प्रकरणामुळे मुंबईत प्रवाळ आहे हे लाखो मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं.

कूलरवरचा पांढरा थर आणि बायोरॉक

आता या लेखातलं सगळ्यात 'टेक' तंत्र.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. एका उन्हाळ्यात कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो, गिझरची कॉइल चुन्याने भरते. त्या थरात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं. प्रवाळाचं घरही कॅल्शियम कार्बोनेटचंच. मग समुद्राच्या पाण्यातून हा थर मुद्दाम लोखंडावर बसवता आला तर? प्रवाळाला तयार पाया मिळेल.

जर्मन वास्तुविशारद वूल्फ हिल्बर्ट्झ यांनी १९७० च्या दशकात हे करून दाखवलं. त्यांना खरं तर समुद्रात बांधकामाचं साहित्य 'वाढवायचं' होतं. पुढे प्रवाळतज्ज्ञ थॉमस गोरो त्यांना मिळाले आणि त्याचं बायोरॉक झालं.

काम असं चालतं. लोखंडी सळयांचा सांगाडा पाण्यात ठेवायचा आणि डीसी पुरवठ्याच्या ऋण टोकाला जोडायचा. थोड्या अंतरावर टायटॅनियमची जाळी धन टोकाला. व्होल्टेज अगदी कमी, तुमच्या मोबाइल चार्जरच्या ५ व्होल्टच्या पट्टीतलं. सळईजवळ पाण्याचं विघटन होतं, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, आणि सळईलगतचं पाणी अल्कधर्मी होतं. अशा पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले राहू शकत नाहीत, ते सळईवर पांढऱ्या थराच्या रूपात जमतात. कूलरवर थर बसतो तो पाणी उडून गेल्यामुळे, इथे बसतो तो विजेमुळे. कारण वेगळं, चुना तोच. वर सळई ऋण टोकाला असल्यामुळे गंजतही नाही. या थरावर प्रवाळाचे तुकडे बांधले की ते चिकटतात. (धन टोकाजवळ क्लोरीन तयार होऊ शकतो, त्यामुळे मिठाच्या पाण्यात चार्जरची वायर घालून घरी प्रयोग करायला जाऊ नका, भाऊ.)

भारतात हे गुजरातमध्ये झालं. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने गुजरात वनखात्याच्या मदतीने जानेवारी २०२० मध्ये द्वारकेजवळच्या मिठापूरपासून एक सागरी मैल आत बायोरॉकचा सांगाडा बसवला. तिथे ओहोटीला ४ मीटर आणि भरतीला ८ मीटर पाणी. वीज तरंगत्या सौर पॅनेलवरून. उद्देश होता फांद्यांचा अॅक्रोपोरा प्रवाळ परत आणायचा, जो कच्छच्या आखातातून सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच नाहीसा झाला, असं तिथे सापडणाऱ्या त्याच्या जुन्या अवशेषांवरून सांगतात. त्याआधी वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्सच्या मिठापूर प्रकल्पातही लक्षद्वीपहून अॅक्रोपोरा आणून लावायचा प्रयत्न झाला होता.

बायोरॉकबद्दल यूट्यूबवर फार मोठमोठे दावे दिसतील. विजेमुळे प्रवाळ कित्येक पट वेगाने वाढतो, उष्णताही सोसतो, वगैरे. जरा हात राखून ऐका. काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. आणि साधी अडचण: वीज बंद पडली की थर बसायचा थांबतो. केबल तुटली, पॅनेल वाऱ्यात गेलं, बोटीचा नांगर अडकला, की राहतो तो एक लोखंडी सांगाडा. खान्देशात सोलर पंप बसवलेल्या कुणालाही विचारा, बसवणं सोपं असतं, पाच वर्षं चालवणं अवघड.

चुकून लागलेला शोध

फांद्यांचे प्रवाळ वर्षाला १० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त वाढू शकतात. पण भिंतीचा खरा पाया असलेले गोल, दगडासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतात. ते लावून फायदा काय, आपण म्हातारे होऊ.

फ्लोरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीत डेव्हिड वॉन यांच्या हातून २००६ च्या सुमारास टाकी साफ करताना एक प्रवाळ तुटला. तळाशी राहिलेले बारीक कण मरतील असं त्यांना वाटलं. उलट ते भराभर वाढायला लागले. मग मुद्दाम करून पाहिलं: करवतीने नखाएवढे तुकडे केले तर ते मोठ्या वसाहतीपेक्षा २५ ते ५० पट वेगाने पसरतात. जखम भरताना आपली कातडी पटकन वाढते तसं समजा. त्याहून भारी गोष्ट म्हणजे एकाच वसाहतीचे तुकडे शेजारी-शेजारी लावले की ते एकमेकांना ओळखतात आणि जुळून एक होतात. मेलेल्या मोठ्या प्रवाळाच्या डोक्यावर असे तुकडे लावून वरून जिवंत 'कातडी' चढवता येते.

इथे परत केळीकडे यावं लागेल. ग्रँड नैनची टिशू कल्चर रोपं जळगावात आली, आणि एकसारखा घड, एका वेळी कापणी हे सगळं जमलं. पण एकसारखेपणाची दुसरी बाजू आपल्याला माहीत आहे. सगळी बाग एकाच झाडाच्या नकला असेल तर एकाला जे सोसत नाही ते कुणालाच सोसत नाही. ग्रॉस मिशेल ही केळीची जात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात होती. पनामा रोगाने तिचा व्यापार उठवला. प्रवाळाचेही एकाच वसाहतीचे हजार तुकडे लावले तर ती हजार वसाहतींची भिंत नाही, एका वसाहतीच्या हजार झेरॉक्स आहेत. एक गरम उन्हाळा आला की सगळ्या एकत्र जातात. म्हणून आता चांगले प्रकल्प वेगवेगळ्या मूळ वसाहतींची नोंद ठेवतात, आणि काही जण तुकड्यांऐवजी प्रवाळाची अंडी गोळा करून, फलन करून, पिल्लं सोडायचा मार्ग धरतायत. बियाण्यापासून रोप, थोडक्यात. अवघड आहे, कारण अनेक जाती वर्षातून मोजक्याच रात्री अंडी सोडतात.

गूगल अर्थवर दिसणारी भिंत

फोन हातात आहेच तर गूगल अर्थ उघडा आणि इंडोनेशियात सुलावेसीजवळ 'होप रीफ' शोधा. पाण्याखाली HOPE ही चार इंग्रजी अक्षरं दिसतील. ती प्रवाळाची आहेत.

तिथे मासेमारीसाठी पाण्यात स्फोट करायचे. भिंतीचा चुरा झाला. चुऱ्यावर नवीन प्रवाळ बसत नाही, कारण प्रत्येक लाटेबरोबर चुरा हलतो आणि पिल्लू घासून मरतं. उपाय म्हणून षटकोनी लोखंडी चौकटी बनवल्या, त्यांना रीफ स्टार म्हणतात. वाळूचा लेप दिलेल्या या चौकटींना प्रवाळाचे तुकडे बांधून त्या एकमेकींना जोडतात आणि चुऱ्यावर जाळं पसरतात. चुरा खाली अडकतो, वर प्रवाळ वाढतो. २०२४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दिसलं की चार वर्षांत या लावलेल्या भिंतीचा चुना साठवायचा वेग शेजारच्या निरोगी भिंतीइतका झाला. जातींची विविधता मात्र तेवढी आली नव्हती, कारण लावले होते मुख्यतः फांद्यांचेच.

याच ठिकाणी शास्त्रज्ञांनी पाण्याखाली मायक्रोफोन लावले. निरोगी भिंत गोंगाटी असते: कोळंबीची कडकड, माशांचं गुरगुरणं. कांदे-बटाटे तळल्यासारखा आवाज येतो. मेलेली भिंत शांत असते. २०२१ च्या अभ्यासात लावलेल्या भिंतीचा गोंगाट निरोगी भिंतीसारखाच निघाला. तासन् तास रेकॉर्डिंग ऐकणार कोण, म्हणून गूगलने 'कॉलिंग इन अवर कोरल्स' नावाचा उपक्रम २०२३ मध्ये काढला. त्यात सामान्य माणसांनी हेडफोन लावून माशांचे आवाज ओळखायचे होते. त्या नोंदी वापरून २०२४ मध्ये 'सर्फपर्च' हे एआय मॉडेल तयार झालं. मजा म्हणजे ते आधी पक्ष्यांच्या आवाजांवर शिकवलेल्या मॉडेलवर उभं आहे. पक्षी ओळखायला शिकलेलं यंत्र मासे लवकर शिकलं.

अॅलन कोरल अॅटलस ही वेबसाइटही पाहा. उपग्रहाच्या फोटोंवरून बनवलेला जगातल्या उथळ प्रवाळभिंतींचा नकाशा, २०२१ मध्ये पूर्ण झालेला, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये फुकट उघडतो. लक्षद्वीपचं अगत्ती शोधलं तर बेटाभोवतीचं कडं स्पष्ट दिसतं. आंग्रिया बँक मात्र तिथे शोधू नका. उपग्रहाला १०-१५ मीटरपेक्षा खोल नीट दिसत नाही.

मग हे सगळं चालतं का?

जगभरच्या प्रकल्पांचा मोठा आढावा २०२० मध्ये निघाला होता. लावलेल्या प्रवाळांपैकी सरासरी ६० ते ७० टक्के जगतात असं त्यात दिसलं. ऐकायला छान. पण त्याच आढाव्यात हेही होतं की ६० टक्क्यांहून जास्त प्रकल्पांनी १८ महिनेसुद्धा लक्ष ठेवलेलं नव्हतं, आणि दुरुस्त केलेल्या क्षेत्राचा मध्यक होता १०० चौरस मीटर. शंभर चौरस मीटर म्हणजे एखाद्या लग्नाच्या मांडवाएवढंही नाही.

आणि मग २०२३ चा फ्लोरिडा. जगातल्या सगळ्यात अनुभवी रोपवाटिकांपैकी काही तिथे. जुलैमध्ये पाणी इतकं तापलं की मॅनटी बे या उथळ खाडीत ३८ अंशांच्या वर नोंद झाली. लोक दिवसरात्र रोपवाटिकेतले प्रवाळ काढून जमिनीवरच्या टाक्यांत हलवत होते. सॉम्ब्रेरो रीफवर कित्येक वर्षं लावणी चालू होती, तिथे लावणाऱ्यांना एकही जिवंत प्रवाळ सापडला नाही. २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की फ्लोरिडातल्या अॅक्रोपोराच्या दोन जाती आता भिंतीवर आपलं काम करण्याइतक्या उरलेल्या नाहीत.

म्हणजे कारण स्फोट, नांगर किंवा खाणकाम असेल तर लावणी चालते, कारण ते कारण थांबवता येतं. इंडोनेशियात स्फोट थांबले म्हणून होप रीफ उभी राहिली. कारण उष्णता असेल तर ती लावणी तात्पुरती. आपण हवेत सोडलेल्या वायूंमुळे अडकलेल्या जास्तीच्या उष्णतेपैकी ९० टक्के समुद्र गिळतो. त्यात आपल्या दीपनगरच्या कोळशाचाही वाटा आहे, जळगावात एसी लावणाऱ्या माझाही. आयपीसीसीने २०१८ मध्ये आकडा दिला होता: तापमानवाढ दीड अंशावर थांबली तर प्रवाळभिंती ७० ते ९० टक्क्यांनी घटतील, दोन अंशांवर गेली तर ९९ टक्क्यांहून जास्त. लावणी करणारे लोक हे जाणतात. त्यांच्यातले काही सरळ सांगतात की आम्ही भिंत वाचवत नाही, बियाणं जपतोय.

जाता जाता, समुद्र आपल्यापासून किती लांब आहे?

सातपुड्याच्या पलीकडे, धार जिल्ह्यात बाघ नावाचं गाव आहे, लेण्यांमुळे प्रसिद्ध. तिथल्या खडकांत सागरी जीवाश्म सापडतात. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक हात नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. तिथल्या एका थराला भूगर्भशास्त्रात 'कोरलाइन लाइमस्टोन' म्हणतात. नावात कोरल असलं तरी त्यातले जीव मुख्यतः ब्रायोझोआ, म्हणजे प्रवाळासारखे दिसणारे दुसरेच प्राणी. जुन्या लोकांनी दिलेलं नाव चिकटून राहिलं.

आणि आजचा समुद्र आपल्या फोनमध्येही येतो, 'इंद्रजाल' नावाने. ऑनलाइन आणि व्हॉट्सअॅपवर विकतात, काळी, जाळीदार, वाळलेल्या झुडपासारखी वस्तू. फ्रेम करून दारावर लावली की नजर लागत नाही, असं सांगतात. "दुर्मिळ वनस्पती" असं लिहिलेलं असतं. ती वनस्पती नाही. तो काळा प्रवाळ किंवा सी फॅन असतो, समुद्रातून ओढून काढलेला आणि वाळवलेला. काळा प्रवाळ आणि सी फॅन हेही पहिल्याच अनुसूचीत आहेत. विकणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षं. आमच्या फॅमिली ग्रुपवरही एकदा त्याची जाहिरात आली होती, किंमत आणि 'कुरिअर फ्री' सकट. असं लिस्टिंग दिसलं तर रिपोर्टचं बटण तिथेच असतं, आणि स्क्रीनशॉट वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोला किंवा जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात पाठवता येतो. मालवणला जाणार असाल तर पाण्यात उतरायच्या आधीच सोबतच्या माणसाला सांगा: फोटो तरंगतानाच काढायचा.